पूजेला बसलेला पाना

माझ्या गाडीने गॅरेजचं तोंड कधी पाहिलं नाही. गॅरेजच तिच्या दारात येत असे. फाटका बनियान आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून, दर दोन-तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी. ते गॅरेज म्हणजे मी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरात सदरच्या मागच्या बाजूला आमचं भाड्याचं घर होतं आणि आमच्या गल्लीत चारचाकी बाळगणारा मी एकटाच होतो. बाळगणारा म्हणतो, कारण जुनी गाडी ठेवणं म्हणजे म्हैस ठेवण्यासारखं. ती रोज दूध देईलच असं नाही, पण तिचं रोज करावं मात्र लागतं. ऑफिसातले एक वरिष्ठ निवृत्त होऊन गावाकडे निघाले, तेव्हा त्यांनी ती मला जवळजवळ दानच केली. एवढे उदार ते नोकरीत कधी नव्हते. का झाले, ते मला महिनाभरात कळलं. पण तोवर गल्लीने मला ‘गाडीवाले साहेब’ म्हणायला सुरुवात केली होती आणि ती पदवी परत करण्याचा धीर माझ्यात नव्हता. पगार कारकुनाचा आणि गाडी साहेबाची, असा तो संसार. मेकॅनिक परवडणार नव्हता, म्हणून मीच मेकॅनिक झालो.

गाडीखाली शिरायला खड्डा लागतो. खड्डा माझ्याकडे नव्हता, पण घरासमोर नाली होती. उघडी, सिमेंटची, पावसाळा सोडला तर बऱ्यापैकी कोरडी आणि माझ्यासारख्या काटकुळ्या माणसापुरती रुंद. दोन चाकं नालीच्या अलीकडे, दोन पलीकडे अशी गाडी उभी केली, की मी तळाशी पोतं अंथरून उताणा होई आणि माझ्या नाकाच्या वर इंजिनाचं पोट येई. येणारेजाणारे वाकून विचारत, “साहेब, कुठं हाय?”

“नालीत हावो!” मी खालून गर्जत असे.

माझं सर्व्हिसिंग स्वयंपाकघरावर चाले. पेट्रोल गाळायला चहाचं जुनं गाळणं, बॅटरीची टोकं धुवायला कढत पाणी आणि खायचा सोडा, प्लग घासायला काचकागद आणि ते बुडवून ठेवायला लोणच्याची रिकामी बरणी. एअर फिल्टर मी पायरीवर आपटून साफ करत असे, बायका पायपुसणं आपटतात तसा. रॉकेल रेशनचं, म्हणजे स्टोव्हच्या तोंडचं काढलेलं. बायको म्हणायची, “तिला एक वेळ जेवायलाच घाला ना, वरण-भात!” मी तिच्याकडे कलावंताच्या करुणेने पाहत असे.

आणि माझ्या कलेचा कळस म्हणजे पॉलिश. गाडीचा रंग इतका विटला होता, की तो मुळात कोणता होता यावर गल्लीत दोन पक्ष होते. बाजारचं पॉलिश महाग. मी काय करी, इंजिनातून काढलेलं जळकं तेल घेई, त्यात थोडं रॉकेल मिसळी आणि जुन्या धोतराच्या बोळ्याने गाडीला सर्वांगाला चोळी. अहाहा! गाडी अशी चमके, की तिच्यात पाहून भांग पाडावा. फक्त दोन दिवस तिला कोणी हात लावायचा नाही, एवढंच पथ्य.

तर अशी गाडी आणि असा तिचा मालक. एके दिवशी या मालकाने भर गल्लीत एक घोषणा केली.

आमच्या शेजारच्या घरात एक मावशी राहत. आमच्या नात्यातल्या नव्हत्या, पण सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता मुलगा रेल्वेत, बदलीच्या गावी. छप्पन साली दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसमोर जो जनसमुद्र उभा होता, त्यात मावशी होत्या. तरुण, कडेवर ते पोर घेऊन. तेव्हापासून दर दसऱ्याला त्या पायी तिकडे जात. मग गुडघे गेले. पहिल्यांदा त्यांचं जाणं चुकलं, त्या दसऱ्याला त्या दिवसभर ओट्यावर बसून होत्या आणि कामठीकडून येणारे पांढऱ्या कपड्यांतले जथे गल्लीच्या तोंडावरून जाताना पाहत होत्या.

पुढच्या वर्षी नवरात्र बसलं तेव्हा मी त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “मावशी, यंदा तुम्ही माझ्या गाडीतून जाणार. राणीसारख्या!”

मावशींनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “चालते का गा ते?”

“चालते म्हणजे? धावते!”

“पाह्य बापू. यंदा नाही गेली, तं पुढं जाईन याचा नेम नाही. हे गुडघे काही सुधरून नाही राहिले.” हे त्या हसत म्हणाल्या, पण त्याच दिवशी त्यांनी पेटीतलं पांढरं लुगडं काढून धुवायला टाकलं. मी त्यांच्या तारेवर ते वाळताना पाहिलं आणि ठरवलं, गाडीचं असं सर्व्हिसिंग करायचं, की ते कारखान्यातल्या लोकांनी येऊन पाहावं.

ते मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी काढलं. ऑफिसला सुट्टी होती. पोतं अंथरून नालीत उतरलो, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाचा बोल्ट सोडला, जुनं तेल घमेल्यात काढलं आणि ते निथळेपर्यंत चहा प्यायला घरात गेलो. परत येऊन पाहतो तो हत्यारांची पिशवी रिकामी!

आत देवघरासमोर आईने पाट मांडलेला. पाटावर विळी, अडकित्ता, बायकोची कात्री आणि त्यांच्या शेजारी, उंचीप्रमाणे शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे, माझे सगळे पाने. प्रत्येकाला हळदीकुंकू. तळाच्या बोल्टचा जो सगळ्यात मोठा पाना, त्याच्यावर झेंडूचं फूल.

“आई! हे काय करून राहिली?”

“नवमी हाय आज. खांडेनवमीले शस्त्रं पूजतात, हेही सांगू का तुले?”

“अवं, हे शस्त्र नोहे, पाने होय!”

“तुह्या पोटाचं साधन होय का नाही?”

“नाही! माह्या पोटाचं साधन ऑफिसातला पेन होय.”

“मंग रविवारचं साधन असन. अक्षता पडल्या आता. उद्या उत्तरपूजा होईस्तोवर हात नाही लावाचा.”

“फक्त एक मोठा दे. दोन मिनिटं.”

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी जणू देवीच्या हातातला त्रिशूळ ढेकळं फोडायला मागतोय.

दुसऱ्या कोणाचा पाना मिळतो का म्हणून गल्लीत फिरलो. सायकलवाल्याचे पाने देवापुढे. वायरमनची पक्कड देवापुढे, शिवाय तिला धागा गुंडाळलेला. सबंध गल्लीत त्या दिवशी एक खिळा ठोकायची सोय नव्हती. शेवटी नालीत उतरलो आणि तो बोल्ट बोटांनीच बसवला. नखं दुखेपर्यंत आवळला. वरून नवं तेल ओतलं, पुन्हा खाली जाऊन पाहिलं. थेंब नाही! मी उताणा पडल्यापडल्या स्वतःला शाबासकी दिली. सकाळी उत्तरपूजा झाली, की पान्याचा एक पीळ देऊ, झालं. उरलेली दुपार मी पॉलिशला लागलो. नेहमीपेक्षा दुप्पट लावलं. राणी बसणार होती ना.

सकाळी तांबडं फुटायच्या आत मावशी फाटकाशी उभ्या. कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं, केसांना तेल, हातात मेणबत्त्यांची पुडी. उत्तरपूजा आईच्या अंघोळीनंतर, आणि आई अजून उठलीही नव्हती.

“गर्दी व्हायच्या आंधी पोहचलो तं बरं,” मावशी म्हणाल्या.

मी गाडीखाली वाकून पाहिलं. कोरडं ठणठणीत. मनात म्हटलं, रात्रभर टिकलं ते तासभर टिकणार नाही? आणि दार उघडून, कमरेत वाकून, नाटकातल्या दरबारी सेवकासारखा हात केला. मावशी दाराला टेकत, सीटला धरत आत बसल्या. गल्ली उठून पाहत होती. असा क्षण माणसाच्या आयुष्यात वारंवार येत नाही, हे मी आज अनुभवाने सांगू शकतो.

रस्त्यावर पांढरे जथे होते, निळे झेंडे होते. मावशी काचेला नाक लावून पाहत होत्या. “हळू चालव गा. पाहू दे मले.” मग एकदम म्हणाल्या, “तवा आम्ही सारे असेच पायी होतो.” मी हळू चालवली. सीताबर्डी ओलांडली आणि इंजिनातून आवाज यायला लागला, ठक्, ठक्, ठक्. तेल संपल्याचं सांगणारा लाल दिवा या गाडीत फार पूर्वीच विझला होता आणि तो बदलला नाही याला मी काटकसर म्हणत आलो होतो. मग धूर निघाला, गाडीने एक आचका दिला आणि ती थांबली.

खाली उतरून पाहिलं. आमच्या मागे, जिथवर नजर जाईल तिथवर, रस्त्याच्या मधोमध एक काळी रेघ आली होती. बोल्ट कुठे पडला देव जाणे. मी गाडीखाली सरपटत गेलो, त्या भोकाला बोट लावलं, आणि काय उपयोग? काही नाही. फक्त कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आलो.

“काय झालं गा?”

“तेल गेलं, मावशी.”

“कुठं गेलं?”

“रस्त्यावर.”

मग मला सगळं सांगावं लागलं. नवमी, आई, अक्षता, बोटांनी आवळलेला बोल्ट. मावशींनी शांतपणे ऐकलं. “मंग मले काहून नाही मांगतला पाना? माह्या पोराची हत्याराची पेटी पडून हाय नं घरी. आमच्याकडं नवमीले कोणी पूजेले नाही बसत.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलट काहीतरी बोललो असतो. काल पान्यासाठी मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडलो होतो. त्यांच्या फाटकावरून दोनदा गेलो होतो. जाताना एकदा आणि येताना एकदा. ते घर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मावशींनी दार उघडून एक पाय खाली टेकवला. गुडघा वळला तशी त्यांनी ओठ आवळले आणि पुन्हा सीटवर बसल्या. समोर बघत म्हणाल्या, “गेल्या साली ओट्यावर बसून राह्यली, यंदा गाडीत बसून राहीन. ओट्यापेक्षा गादी मऊ हाय.”

मला वाटलं, आपण त्या चेंबरच्या भोकातून थेंबाथेंबाने गळून जावं.

तेवढ्यात एका खेड्यातून आलेला दहापंधरा माणसांचा जथा जवळ आला. पुढे एक उंच, सावळा माणूस, अंगात नवाकोरा पांढरा शर्ट. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. त्याने आत वाकून विचारलं, “काय झालं आजी? पाय दुखतात? अन् हे गाडी?”

“गाडीचे बी पाय दुखतात,” मावशी म्हणाल्या.

सगळा जथा हसला. “साहेब, तुम्ही बसा अन् स्टेअरिंग धरा,” उंच माणूस म्हणाला. “आजीले गाडीसकट नेतो आम्ही. चला रे, लावा हात!”

“हात नका लावू!” मी ओरडलो. त्यांना वाटलं, मी संकोचाने म्हणतोय.

आणि मग ती मिरवणूक निघाली. आत मागच्या सीटवर मावशी, पुढे मी, एका बंद गाडीचं चाक विनाकारण घट्ट धरून बसलेला, आणि मागे, बाजूला, बॉनेटच्या कडांना हात लावून गाडी ढकलणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं. रस्त्याने चालणारी एक बाई ओरडली, “हे पाह्य वं, साहेबाची बैलगाडी!” मागून कोणीतरी उत्तर दिलं, “अन् बैल आम्ही होय!” पुन्हा हशा. मावशी खिडकीतून हात हलवत होत्या. मी आरशात पाहणं बंद केलं होतं. कारण आरशात मला दिसत होतं, की एक म्हातारा घाम पुसायला हात कपाळाला नेतोय.

पुढे गर्दी इतकी दाटली, की गाडी कडेला घ्यावी लागली. माणसांनी हात सोडले, आणि मग पाहिले. कोणी शर्टाला पुसून मोकळा झाला होता, कोणी धोतराला. काहींनी ढकलताना खांदा लावला होता, त्यांच्या खांद्यावर काळे चौकोन.

“हे काय लावलं गा गाडीले?”

“पॉलिश,” मी म्हणालो.

“कायची?”

“जुनं तेल. अन् रॉकेल.”

मग तो कपाळ काळं झालेला म्हातारा म्हणाला, “चांगली पॉलिश हाय साहेब. आता आम्ही बी चमकून राहिलो.” बाकीचे हसले. उंच माणूस मात्र हसला नाही. त्याच्या नव्या शर्टावर छातीशी पाच बोटं उमटली होती, त्याची स्वतःचीच. त्याने ती पाहिली, थुंकी लावून एकदा घासली, ती आणखी पसरली. मग तो हाताची घडी घालून उभा राहिला, छाती झाकेल अशी.

मी सॉरी म्हणालो. या शब्दाचं वजन एवढं कमी असतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

दोघांनी मावशींना खांद्याचा आधार दिला आणि त्या चालायला लागल्या. तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. दाराला टेकल्या होत्या तिथून, कमरेपासून खाली, त्या पांढऱ्या लुगड्यावर हातभर काळा पट्टा. त्यांना पत्ता नव्हता. सांगायची माझी छाती झाली नाही. मग मी काय केलं? मी त्यांच्या मागे, अगदी चिकटून, त्यांच्याच पावलात पाऊल टाकत चालू लागलो, म्हणजे तो पट्टा कोणाला दिसू नये. मी थांबलो की मागचे लोक माझ्यावर, मी पुढे गेलो की मी मावशींवर. “काय गा, ढकलून काहून राहिला?” त्यांनी मान न वळवता विचारलं. “सवय लागली का तुले?”

बोधिवृक्षाजवळ त्यांनी मेणबत्त्या लावल्या. हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. गुडघे थरथरत होते, पण दोन्ही बाजूंच्या माणसांना त्यांनी हातानेच दूर केलं. मग मैदानाच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तिथं होती मी. पोर रडून राह्यलं होतं, मी त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं ऐकू यावं म्हणून.” ज्या कामासाठी एक वर्ष वाट पाहिली, ते झालं होतं. माझ्या गाडीने नव्हे, पण झालं होतं.

आम्ही एका झाडाखाली बसलो. लोक जेवण वाटत फिरत होते. एक बाई बादली घेऊन आली, मावशींना पत्रावळीवर भात आणि भाजी वाढली आणि दुसरी पत्रावळ माझ्यापुढे केली. “घ्या भाऊ.”

माझे हात मी पाठीमागे धरले होते. कोपरापर्यंत काळे, नखांत तेल. इतक्या स्वच्छ माणसांत ते बाहेर काढायची मला लाज वाटत होती. मी नुसता घुटमळलो.

त्या बाईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण तिने पत्रावळ मागे घेतली. रागाने नाही. सवयीने. आणि मावशी पटकन म्हणाल्या, “राहू दे वं. ते घरी जेवतात.”

मला समजायला थोडा वेळ लागला. इतक्या वर्षांचा शेजार. दिवाळीला आमच्या घरचं फराळाचं ताट त्यांच्याकडे जाई. त्यांच्याकडून आमच्याकडे यायचं ते न सोललेलं केळं, न फोडलेला नारळ, शेंगा. शिजवलेलं कधी नाही. असा नियम कोणी केला नव्हता. आई काही म्हणाल्याचं मला आठवत नाही, मीही कधी काही म्हटलं नव्हतं. मावशींनी न सांगता ओळखलं होतं आणि इतकी वर्षं आमची अडचण होऊ दिली नव्हती. आत्ताही, आपल्या जागी, आपल्या लोकांत, त्यांनी माझी अडचणच सांभाळली होती. त्यांना सबब शोधावी लागली नाही. ती तयारच होती.

मी दोन्ही हात पुढे केले. “हात काळे हाय माह्ये,” मी म्हणालो. आवाज नको तितका मोठा निघाला. “म्हणून!”

“अगं माय!” ती बाई खळखळून हसली. “कोळसे फोडून आले का भाऊ?” आजूबाजूचे वळून पाहायला लागले.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग माझ्या तोंडाकडे, बराच वेळ. कारण तेवढं एकच आहे का, हे त्या पाहत होत्या. आणि आजवर मी कितीही किस्से रंगवून सांगितले असले, तरी इथे मला काही रंगवता येत नाही. त्या क्षणी ते मलाही ठाऊक नव्हतं.

मी पत्रावळ घेतली, मांडी घातली आणि तसल्याच हाताने भात कालवला. पहिला घास रॉकेलचा लागला. दुसराही. मावशींच्या पत्रावळीवर भात गार होत होता. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. मी जेवतोय की नुसता चिवडतोय, तिकडे त्यांचं लक्ष होतं. पत्रावळ रिकामी होईपर्यंत मी मान वर केली नाही.

“याले अजून वाढ वं,” त्या म्हणाल्या आणि मग आपला घास उचलला.